धुरंधरांचीं कहाणी-चित्रें : मूळ कोणतें, छाप कोणता ?

द. ब. पारसनिसांबरोबर मराठ्यांचा इतिहास लिहिणारे किंकेडसाहेब आमच्या वाचकांस परिचित आहेत. श्रावणांतील वारांच्या कहाण्या इंग्रजींत उतरवून त्यांनीं 'डेक्कन नर्सरी टेल्स' हें पुस्तक सन १९१४ त प्रसिद्ध केलें. त्यांतील चित्रें महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचीं. हातांत अक्षता धरून ऐकावयाच्या कहाण्यांना त्यांनीं चेहरे, लुगडीं व दागिने दिले.

अशा पुस्तकांतील सुटें पान चौकटींत बसविलें कीं मूळ चित्रासारखें भासतें. सहीवर विसंबूं नये. तीहि चित्राबरोबर छापली जाते. भिंग घ्यावें. त्या काळचें तिरंगी छापकाम पिवळ्या, तांबड्या व निळ्या ठिपक्यांचें असे, व ते ठिपके ओळीनें दिसतात. मूळ जलरंग कागदाच्या खळग्यांत उतरलेला असतो. सुकतांना त्याची कड गडद होते, पातळ रंगाखालून शिसपेनची रेघ डोकावते, आणि पांढरा भाग बहुधा कोरा कागदच असतो.

मूळ चित्रास पोथीचा मान द्यावा असें आमचें मत आहे. मात्र वेषभूषेच्या रंगाचा पुरावा काढतांना एक ध्यानांत असावें : भिंतीवर उजेडांत राहिलेला जलरंग विटतो, तर मिटल्या पुस्तकांतील छाप टिकतो. म्हणून दोन्ही ताडून पाहावीं, जसे आपण पाठ ताडतों.

नंदुरबार-तळोद्याकडील संग्राहकांस एवढीच विनंति कीं, जुनी चौकट उघडतांना समास कापूं नये व मागचा पुठ्ठा टाकूं नये. चित्र कोणाकडून कोणाकडे गेलें हें पुष्कळदां त्यावरील चिठ्ठीच सांगते.