हालचालीच्या सहा वाटा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आपाकडे गेलो होतो. रात्रीचे अकरा वाजले होते. भाचा लॅपटॉपसमोर डोके धरून बसला होता. मेकॅनिकल डिप्लोमा करून नुकताच एका छोट्या कारखान्यात डिझाइनला लागलेला. नोकरी अजून कच्ची, सहा महिन्यांच्या बोलीवरची. मला पाहून म्हणाला, "मामू, सब लाल हो गया."

वेल्डिंगच्या फिक्स्चरचे डिझाइन होते. खाली बेसप्लेट, तिच्यावर पिना, ब्रॅकेट, आठ क्लॅम्प आणि त्यांचे नटबोल्ट, असे दीडशेच्या आसपास सुटे भाग. साहेबांनी मधला एक ब्रॅकेट बदलायला सांगितला. त्याने तो काढला आणि पडद्यावरच्या यादीत खालपर्यंत लाल खुणा उमटल्या. ब्रॅकेटला टेकवलेला क्लॅम्प, क्लॅम्पला टेकवलेला बोल्ट, बोल्टला टेकवलेला वॉशर, सगळेच निराधार झाले. सकाळी काम द्यायचे होते.

मी भाषेचा मास्तर, मला त्यातले काही कळत नव्हते. पण तो प्रसंग डोक्यातून गेला नाही. पुढचे काही महिने मी या विषयाचा इतिहास वाचत राहिलो. सुटे भाग एकत्र कसे धरायचे, हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे.

१२०६ साली दियारबकरच्या अर्तुकी दरबारात इस्माईल अल-जझरी या कारागिराने अरबीत एक ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाण्याची घड्याळे, रहाट, कारंजी अशी ५० यंत्रे सहा गटांत मांडली आहेत. अल-जझरीचे नाव आले की आपल्याकडे लगेच "रोबोटचा जनक" वगैरे सुरू होते. ते राहू द्या. त्याचे खरे मोठेपण साधे आहे. त्याने आकृतीतल्या भागांना अक्षरे दिली आणि कोणता भाग कसा घडवायचा, कोणता कशाला जोडायचा, हे क्रमाने लिहून ठेवले. त्यामुळे १९७६ साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्याचे भव्य जलघड्याळ पुन्हा उभे करता आले. पावणेआठशे वर्षांनी ते चालले, कारण भागांच्या चित्राबरोबर त्यांच्यातले नातेही कागदावर उतरले होते.

कागदावरच्या चित्राला मात्र एक मर्यादा असते. एक रेघ पुसली तर बाकीच्या रेघांना त्याचा पत्ता नसतो. ती मर्यादा १९६३ साली ओलांडली गेली. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या तरुण विद्यार्थ्याने पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्राम लिहिला. लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर तो प्रकाशाच्या पेनने रेघा ओढे. रेघा वेड्यावाकड्या आल्या तरी चालत. मग तो संगणकाला सांगे, या दोन रेघा समांतर हव्यात, या दोन सारख्या लांबीच्या, हा कोन काटकोन. संगणक चित्र हलवून त्या अटी पुऱ्या करी. या अटींना सदरलँडने 'कन्स्ट्रेंट' म्हटले. आपण बंधन म्हणू.

स्केचपॅडमध्ये दुसरीही एक गोष्ट होती. एक मूळ चित्र काढायचे आणि त्याच्या हव्या तितक्या प्रती वापरायच्या. मूळ बदलले की सगळ्या प्रती बदलत. आज कॅडमध्ये एक क्लॅम्प बनवून तो आठ ठिकाणी बसवतात, त्याची मुळे इथे आहेत. म्हणजे भागांचा गट आणि भागांतले बंधन, या दोन्ही कल्पना एकाच प्रोग्राममध्ये जन्मल्या.

अटी एकमेकींच्या विरोधात असल्या तर काय? स्केचपॅड चित्र थोडे थोडे हलवून एकूण चूक कमीत कमी होईल अशी जागा शोधी. म्हणजे एक प्रकारची तडजोड. आजचे कॅड तडजोड करत नाही. ते लाल खूण दाखवते आणि निर्णय माणसावर सोडते. कारखान्याच्या दृष्टीने हेच योग्य आहे. अर्धा मिलिमीटर इकडे, अर्धा तिकडे अशी तडजोड लोखंडाला मान्य नसते.

पुढचा टप्पा १९८० च्या दशकातला. सोव्हिएत रशियातून अमेरिकेत आलेले गणिताचे प्राध्यापक सॅम्युअल गाइसबर्ग यांनी १९८५ मध्ये पीटीसी ही कंपनी काढली. त्यांचे 'प्रो-इंजिनिअर' दशकाच्या अखेरीस बाजारात आले. त्यात मापे आणि नाती वस्तूच्या अंगातच असत. एक माप बदलले की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप बदले. १९८९ मध्ये केंब्रिजमध्ये 'डी-क्यूब्ड' ही कंपनी सुरू झाली. तिचे काम बंधनांची गणिते सोडवणारा गाभा लिहून तो कॅड बनवणाऱ्या कंपन्यांना विकणे. १९९५ मध्ये 'सॉलिडवर्क्स' साध्या विंडोज संगणकावर आले आणि हे तंत्र छोट्या वर्कशॉपच्या आवाक्यात आले.

ही गणिते कशाची, ते समजून घेऊ. हवेत तरंगणाऱ्या कोणत्याही वस्तूला हालचालीच्या सहा वाटा असतात. तीन दिशांना सरकण्याच्या तीन आणि तीन अक्षांभोवती फिरण्याच्या तीन. बोल्टचा मध्य भोकाच्या मध्याशी जुळवला की चार वाटा बंद होतात. तो फक्त आतबाहेर सरकू शकतो आणि स्वतःभोवती फिरू शकतो. बोल्टचे डोके प्लेटला टेकवले की सरकणेही बंद. उरते फक्त फिरणे. प्रत्येक बंधन काही वाटा बंद करते. कमी बंधने दिली तर भाग भरकटतो. बंद झालेली वाट दुसऱ्या बंधनाने पुन्हा बंद करायला गेलो आणि दोघांची मापे जुळली नाहीत, तर भांडण लागते.

दुल्हेभाई आयुष्यभर फिटर म्हणून राबले. सातवी शिकलेले. मी हे सहा वाटांचे त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "यह तो तीन-दो-एक है, मास्टर." फिक्स्चरमध्ये जॉब बसवताना खाली तीन टेकू, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. सहा टेकू, सहा वाटा बंद. सातवा टेकू दिला की जॉब डुगडुगतो. जे बापाच्या हातात होते तेच मुलाच्या पडद्यावर होते. मध्ये फक्त इंग्रजी मेनू उभा होता.

गटांचे महत्त्व मात्र मोठ्या कामातच कळते. बोइंगने १९९० च्या दशकात ७७७ हे विमान पूर्णपणे संगणकावर रचले. त्यासाठी 'कॅटिया' हे फ्रेंच सॉफ्टवेअर वापरले. पूर्वी लाकूड-धातूचा पूर्ण आकाराचा नमुना करून भाग एकमेकांना अडतात का ते पाहत. या वेळी पडताळणीसाठी फक्त नाकाकडचा नमुना केला आणि पुढचे नमुने रद्द केले. पण त्यासाठी काम २३८ पथकांत वाटले होते. डिझाइन करणारे आणि प्रत्यक्ष बनवणारे एकाच पथकात बसत. विमानाचा कोणता गट कोणाचा, हे ठरलेले होते. जून १९९४ मध्ये ते विमान उडाले.

याच्या उलट एअरबस ए-३८०. तिच्यात जवळपास ५०० किलोमीटर वायर. जर्मनी आणि स्पेनमधली पथके कॅटियाची चौथी आवृत्ती वापरत होती, फ्रान्स आणि ब्रिटनमधली पाचवी. पाचवी आवृत्ती नव्याने लिहिलेली होती. दोन्हींत माहितीची ये-जा धड होत नव्हती. हॅम्बुर्गमध्ये तयार झालेले वायरचे जुडगे फ्रान्समधल्या तुलूझला विमानात बसवायला घेतले तेव्हा काही ठिकाणी ते तोकडे पडले. जून २००६ मध्ये उशीर जाहीर झाला, कंपनीचे शेअर कोसळले, वरिष्ठांना राजीनामे द्यावे लागले. पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये ग्राहकाच्या हाती गेले. गट पाडले होते, पण गटांमधल्या नात्याची भाषा एक नव्हती.

भाच्याची चूक याच जातीची होती, आकाराने लहान. त्याने गट पाडलेच नव्हते. प्रत्येक भाग शेजारच्याला बांधला होता, साखळीसारखा. मधली कडी निघाली आणि साखळी तुटली. त्या रात्री त्याने पुन्हा सुरुवात केली. बेसप्लेट पक्की केली. क्लॅम्प, त्याचा बोल्ट आणि वॉशर मिळून एक सब-असेंब्ली केली आणि ती आठ वेळा आणली. प्रत्येक गट शेजारच्याला न बांधता थेट बेसप्लेटच्या मध्यरेषांना बांधला. क्लॅम्पची मूठ हलेना, कारण गट एकसंध धरला जात होता. तेव्हा त्या गटाला आतून हलण्याची परवानगी दिली. पहाटे चारच्या सुमाराला त्याने ब्रॅकेट बदलून पाहिला. ब्रॅकेटच्या दोन बंधनांखेरीज काही लाल झाले नाही.

दुल्हेभाई फजरला उठले होते. त्यांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "तीन कौन से?" भाच्याने एकेक टेकू बोटाने दाखवला. तीन, दोन, एक. त्यांनी मान हलवली आणि वजूला गेले.

आमच्या मोहल्ल्यांत फिटर, टर्नर, वेल्डर यांची घरे कमी नाहीत. त्यांची मुले मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकतात आणि कॅडच्या वर्गात पहिल्या आठवड्यातच "हे आपले नाही" म्हणून गप्प बसतात. सुट्टीनंतर मी शाळेत एक वही सुरू केली. एका पानावर तीन रकाने: कॅडचा शब्द, मराठी अर्थ, उर्दू अर्थ. पहिल्या ओळीत 'कन्स्ट्रेंट' आहे. पुढे बंधन, त्यापुढे बंदिश. चौथा रकाना मुलांनी स्वतःच वाढवला. त्यात ते घरी विचारून वर्कशॉपमधला शब्द लिहून आणतात.