कर्जत मोडायचं, नेरळ नाही

२००५-०६च्या सुमारास लिनक्सवर मोझिलाच्या साइटवरून उतरवलेला फायरफॉक्स उघडून मराठी विकिपीडिया पाहिला, तर नेरळ, माथेरान आणि खालापूर नीट दिसायचे. कर्जतचा मात्र रफार उतरायचा आणि र पाय मोडून शेजारी उभा राहायचा. भिवपुरीची वेलांटी भ सोडून व च्या डोक्यावर जाऊन बसायची. गावाच्या नावात जोडाक्षर किंवा पहिली वेलांटी नसेल तर सुटका, असेल तर भोग. नेरळ स्टेशनजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, ते तेव्हा नवं होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "फॉन्ट टाका ना दुसरा." पण दुखणं फॉन्टचं नव्हतं.

युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात : आधी भ, मग वेलांटी. ती उचलून भ च्या आधी मांडायची, र आणि हलन्ताचा रफार करून ज वर चढवायचा, हे काम वेगळ्या प्रणालीचं. लिनक्सवर ते पँगो नावाची लायब्ररी करते. मोझिला स्वतः लिनक्ससाठी जो तयार फायरफॉक्स द्यायची, त्यात त्या काळी पँगोची जोड नसायची. फेडोरा या लिनक्स वितरणाचे लोक तोच सोर्स कोड घेऊन पँगो जोडून बांधायचे. त्यामुळे एकाच मशीनवर, एकाच आवृत्तीत, साइटवरून उतरवलेल्या ब्राउझरमध्ये कर्जत मोडायचं आणि फेडोराच्या पॅकेजमध्ये जुळायचं. पँगोमुळे पानं उघडायला वेळ लागतो अशी तक्रार तेव्हा होती. ज्यांना फक्त इंग्रजी वाचायचं, ते एक सेटिंग लिहून पँगो बंदही करत. जून २००८मध्ये फायरफॉक्स ३ आला आणि ही जोड मूळ ब्राउझरातच आली. तोपर्यंत लिनक्सवर सरळ मराठी वाचता आली, ती पॅकेज बांधणाऱ्यांच्या कृपेने.

ही मंडळी कोण, हे आमच्या भागात कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. लिनक्स आपल्याकडे आलं ते सीडीवर. 'पीसी क्वेस्ट' मासिकाने १९९६पासून अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. पुढे उबुंटू या लिनक्सच्या सीड्या मागितल्या की परदेशातून टपालाने फुकट घरपोच यायच्या. ती सोय २०११मध्ये बंद झाली. सीडीवर ब्राउझर असायचाच. तो तिथे कुणी ठेवला, असा प्रश्न पडत नसे.

माथेरानची गाडी पीरभॉय कुटुंबाने १९०७ साली सुरू केली, हे इथल्या कुणालाही विचारा, सांगेल. २००५च्या पुरात तिचे रूळ वाहून गेले आणि २००७ साली ती पुन्हा धावली; ते रूळ कुणी बसवले, त्यांची नावं मात्र कुणी सांगणार नाही. ब्राउझरचंही तसंच आहे. लिहिणारे माहीत असतात, चालू ठेवणारे नसतात.

डेबियन या लिनक्स वितरणात मात्र ही नावं सापडतात. दुकानात आलेल्या मशीनवर मी टर्मिनल उघडून ब्राउझरच्या पॅकेजचा चेंजलॉग वाचायचो. प्रत्येक नोंदीत आवृत्तीचा आकडा, खाली काय बदललं त्याच्या चार ओळी, शेवटी मेंटेनरचं, म्हणजे पॅकेज बांधून सांभाळणाऱ्याचं नाव, ईमेल आणि वेळ. वर्षानुवर्षं तिथे माइक होमी हे नाव दिसायचं. मूळ कोड आणायचा, डेबियनचे पॅच, म्हणजे कोडमधले छोटे बदल, त्यावर बसवायचे, जो पॅच बसत नाही तो पुन्हा लिहायचा, मग वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी बांधणी करायची. एखाद्या प्रोसेसरवर ती फसली की पुन्हा पहिल्यापासून. डेबियनकडून या कामाचा पगार नाही, आभाराचं पत्र नाही.

याच पॅकेजवरून २००६मध्ये मोठा वाद झाला. फायरफॉक्सचा कोड खुला होता, पण त्याच्या लोगोतल्या कोल्ह्याच्या चित्राचा परवाना डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नियमांत बसत नव्हता. म्हणून डेबियनने चित्र काढलं आणि नाव ठेवलं. मोझिलाने सांगितलं, नाव हवं तर चित्रही ठेवा, आणि तुमचे पॅच आम्हाला आधी दाखवून मंजूर करून घ्या. दुसरी अट जास्त जाचक होती, कारण डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती तातडीने करावी लागते. शेवटी नावच बदललं. एप्रिल २००७मध्ये आलेल्या डेबियन ४मध्ये फायरफॉक्सचा आइसवीझल झाला आणि थंडरबर्डचा आइसडव्ह. दुकानात लोक विचारायचे, "फायरफॉक्स कुठाय?" मी म्हणायचो, "हाच तो, पाटी बदललीय."

माझ्या मते त्या भांडणात दोघांचंही बरोबर होतं. कुणीही काहीही बदलून त्याला फायरफॉक्सचं नाव लावू नये, ही मोझिलाची काळजी रास्तच. पण पँगोची गोष्ट ठाऊक असलेल्या मराठी माणसाला डेबियनची बाजू जवळची वाटते. पॅच मंजुरीला पाठवून वाट पाहत बसलं असतं, तर फेडोराच्या पॅकेजात कर्जत इतक्या लवकर जुळलं नसतं.

नावापेक्षा अवघड प्रश्न वयाचा होता. डेबियनची स्थिर आवृत्ती वर्षानुवर्षं चालते, ब्राउझर तेवढा टिकत नाही. डिसेंबर २००८मध्ये मोझिलाने फायरफॉक्स २ची देखभाल थांबवली, तेव्हा डेबियनच्या चालू आवृत्तीत तोच होता. नव्या कोडमधली दुरुस्ती जुन्या कोडमध्ये हाताने उतरवायची, हे काम मग मेंटेनरांच्या गळ्यात. २०११पासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली आणि ते अशक्यच झालं. २०१२मध्ये मोझिलाने संस्थांसाठी लांब मुदतीची ईएसआर आवृत्ती काढली आणि २०१३मध्ये डेबियनने स्थिर आवृत्तीचा आपला कडक नियम ब्राउझरपुरता सैल करून तिचा हात धरला. २०१६मध्ये नावाचाही तंटा मिटला आणि आइसवीझल पुन्हा फायरफॉक्स झाला.

आपल्याकडचा वाटाही यात आहे. लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅटने २००४ साली खुल्या परवान्याने दिले आणि त्यांची पुढची देखभाल बरीच वर्षं पुण्यातून झाली. संदीप शेडमाके यांनी फेडोरा आणि ग्नोमचं मराठीकरण नेटाने केलं. मेनू मराठीत दिसतो म्हणजे कुणीतरी एकेक ओळ बसून लिहिलेली असते.

आता पारडं पुन्हा फिरतंय. उबुंटूने ब्राउझर स्नॅप या आपल्या वेगळ्या पॅकेज पद्धतीत नेला. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या मशीनवर तो उघडेपर्यंत चहा होतो. लिनक्स मिंटने ते नाकारलं आणि २०२०मध्ये क्रोमियम स्वतः बांधायला घेतला. २०२४पासून मोझिला स्वतःच डेबियन-उबुंटूसाठी पॅकेज देते. मग मेंटेनर हवा कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर माझ्या टेबलावर आहे. आसपासच्या वाड्यांवरच्या पोरांना आम्ही दुकानातून देतो ती मशीनं बहुतेक ३२ बिटची, ऑफिसांनी टाकून दिलेली. गूगलने लिनक्सवरचा ३२ बिट क्रोम मार्च २०१६मध्येच बंद केला. डेबियनच्या मेंटेनरांनी ३२ बिट क्रोमियम बांधणं त्यानंतरही चालू ठेवलं, म्हणून ती मशीनं पुढे चालली.

हेही आता संपत आलंय. ऑगस्ट २०२५मध्ये आलेलं डेबियन १३ हे ३२ बिट मशीनवर नव्याने बसवता येत नाही. मोझिलानेही लिनक्सवरचा ३२ बिट फायरफॉक्स १४४व्या आवृत्तीपाशी थांबवला. १४० ईएसआरला किमान सप्टेंबर २०२६पर्यंत मुदत आहे. घरात असं मशीन असेल, तर डेबियन १२वरच ठेवा आणि अपडेट आला की त्याच दिवशी घ्या. ब्राउझरात मराठी कुठे मोडलेली दिसली, तर मला सांगून थांबू नका, मेंटेनरला बग म्हणून कळवा. त्याला मराठी येत नसते. रफार चुकला आहे हे त्याला आपणच सांगायचं असतं.