आपोआप रचलेल्या स्फटिकात प्रकाशाची वाट

आज आपण एक जुना प्रश्न प्रयोगशाळेत नेऊया. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, झाडाच्या वाढीचं कारण झाडातच असतं, पलंगाचं कारण मात्र सुतारात. मग जी रचना आपली आपण होते, पण आपल्याला हवी म्हणून होते, ती कुठल्या खात्यात टाकायची?

ओपल हे रत्न घ्या. त्याच्या रंगांचा अभ्यास बंगळूरला सी. व्ही. रामन यांनीही केला होता. पुढे १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जे. व्ही. सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं, की आत सिलिकाच्या एकसारख्या बारीक गोळ्या रचलेल्या असतात, फळवाला संत्री रचतो ना, तशा. १९६८ मध्ये स्टोबर आणि सहकाऱ्यांनी अशा गोळ्या करण्याची कृती दिली. द्रावणातून त्या हळूहळू खाली बसल्या, की रचना आपोआप होते. जागेचा ७४ टक्के भाग गोळ्यांचा, २६ टक्के पोकळी.

१९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक कल्पना मांडली. योग्य नियमित रचनेत ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाला कुठल्याच दिशेने शिरकाव नसेल. यालाच आपण फोटॉनिक पट्टा-अंतर म्हणतो. साध्या ओपलला हे जमत नाही, कारण सिलिका आणि हवा यांच्या अपवर्तनांकात पुरेसा फरक नाही. तेव्हा युक्ती अशी निघाली: पोकळीत सिलिकॉन भरायचं आणि मग सिलिका आम्लाने विरघळवून टाकायची. उरतो तो उलटा ओपल. २००० मध्ये तो यशस्वी झाला. सजीव जॉन त्याही गटात होते.

आता गंमत बघा. परिपूर्ण स्फटिक प्रकाशाला फक्त नकार देतो. प्रकाश न्यायचा, तर व्यवस्था मोडावी लागते, तीही नेमक्या रेषेत. इलिनॉयमधल्या पॉल ब्रॉन यांच्या गटाने गोळ्यांच्या मधल्या जागेत द्रव भरला आणि लेसर आत केंद्रित केला. दोन फोटॉन एकाच वेळी शोषले गेले, तरच द्रव घट्ट होतो. म्हणून फक्त केंद्रबिंदूपाशी रेघ उमटते. नंतर त्या रेघेच्या जागी सिलिकॉन शिरत नाही. २००८ मध्ये त्यांनी अशा स्फटिकात अवरक्त प्रकाश तीव्र वळणावरून नेऊन दाखवला.

पण आपोआप रचनेत नको असलेले दोषही येतात: एखादी गोळी गळते, वाळताना तडे जातात. तिथूनही प्रकाश निसटतो. म्हणजे तडा आणि वाट यांत प्रकाशाच्या लेखी फरकच नाही! दोन्हीकडे व्यवस्था मोडलेली आहे. फरक इतकाच, की वाट कुठून कुठे जाते हे कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणूनच चिपवरचे बहुतेक प्रकाशमार्ग आजही सपाट थरात कोरूनच करतात. तिथे सुतार पूर्णपणे हजर असतो.

तर आपल्या प्रश्नाचं उत्तर काय? स्फटिक झाडाच्या खात्यात जातो, वाट पलंगाच्या. पण झाड नसतं, तर ही वाट कोरायला जागाच नव्हती. हेतू व्यवस्थेची जागा घेत नाही; तिच्या आधाराने, तिच्यातली थोडी जागा मागून घेतो. समाजाला हे कितपत लागू पडतं, याची चर्चा प्रश्नोत्तरांत करूया.