विम्यातून गाडीची दुरुस्ती : गॅरेज निवडताना काय पाहावे

आपल्या बहुतेक सभासदांच्या घरी आज चारचाकी आहे. कोठी-काचीगुड्याच्या गर्दीत बंपर घासला जातो, नाही तर नांदेड, लातूर, सोलापूरला जाता-येता हायवेवर काहीतरी होते. विमा असतो, हप्ताही वेळेवर भरलेला असतो. पण गाडी दुरुस्तीला कुठे टाकायची, हा निर्णय बहुधा रस्त्यावर उभे राहून, टोइंगवाल्याच्या सांगण्यावरून पाच मिनिटांत होतो. खिशातून किती जाणार, गाडी कधी मिळणार आणि पुढे ती सुरक्षित राहणार का, हे सगळे या पाच मिनिटांवर ठरते. म्हणून ही माहिती गरज पडण्याआधी वाचून ठेवावी.

निवड आपली आहे

पहिली गोष्ट स्पष्ट असावी. गॅरेज कोणते, हे ठरवण्याचा हक्क गाडीमालकाचा आहे. विमा कंपनी आपल्या यादीतले गॅरेज सुचवू शकते, सक्ती करू शकत नाही. यादीतल्या, म्हणजे ‘नेटवर्क’ गॅरेजमध्ये गाडी टाकली तर कॅशलेस सोय मिळते. कंपनी आपला वाटा थेट गॅरेजला देते. यादीबाहेरच्या गॅरेजमध्ये टाकली तर आधी आपण बिल भरायचे आणि नंतर कंपनीकडून मंजूर रक्कम खात्यात घ्यायची. दोन्हीकडे सर्व्हे होतो आणि मंजुरीचे नियम तेच असतात.

मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. कॅशलेसमध्ये मजुरीचे दर बहुधा गॅरेज आणि विमा कंपनी यांच्यात आधीच ठरलेले असतात. त्या गॅरेजला वर्षभर काम देणारे गिऱ्हाईक विमा कंपनी असते, आपण नव्हे. याचा अर्थ काम वाईट होते असा नाही. पण काम तपासून घेण्याची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

तीन प्रकारची गॅरेजेस

१. वाहन कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर. सुटे भाग मूळ कंपनीचे, रंगाचा कोड नेमका, दुरुस्तीची पद्धत ठरलेली. दर जास्त आणि गर्दीच्या दिवसांत विलंबही. गाडी वॉरंटीत असेल किंवा धक्का चॅसीपर्यंत, एअरबॅगपर्यंत गेला असेल तर शक्यतो इथेच जावे.

२. मल्टिब्रँड वर्कशॉप. अनेक कंपन्यांच्या गाड्या घेते, बऱ्याचदा नेटवर्कमध्येही असते. एकाच ब्रँडच्या दोन शाखांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, म्हणून नावावर न जाता ती शाखा पाहावी.

३. ओळखीचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज. जुन्या गाडीच्या पत्र्याच्या कामाला उत्तम. कुशल टिंकर जो भाग ठोकून सरळ करतो, तो मोठ्या वर्कशॉपमध्ये सरळ बदलायला सांगतात. पण जीएसटीचे पक्के बिल मिळत नसेल, तर क्लेमच्या दृष्टीने ते गॅरेज उपयोगाचे नाही.

‘बाहेर काम केले तर वॉरंटी संपली’ असे अनेकदा ऐकवले जाते. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच विषयात 14 वाहन कंपन्यांना एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड केला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग न मिळू देणे आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करणे, या दोन्ही गोष्टींवर आयोगाने बोट ठेवले. त्या निर्णयावर पुढे अपिले झाली. तरी वॉरंटीच्या कार्डावर नेमके काय छापले आहे, हे वाचूनच सल्लागाराच्या म्हणण्यावर विश्वास ठेवावा.

कॅशलेस म्हणजे फुकट नव्हे

साध्या पॉलिसीत नव्या भागांच्या किमतीतून घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर 50 टक्के. फायबर ग्लासवर 30 टक्के. काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत 5 टक्के, दोन वर्षांपर्यंत 10, तीनपर्यंत 15, चारपर्यंत 25, पाचपर्यंत 35, दहापर्यंत 40 आणि त्यापुढे 50 टक्के. रंगकामाच्या एकत्र बिलात 25 टक्के रक्कम साहित्याची धरतात आणि तिच्यावर निम्मा घसारा लावतात. शिवाय प्रत्येक क्लेमला सक्तीची वजावट असते. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये, त्यावरच्या गाडीला 2,000 रुपये.

एक उदाहरण घेऊ. गाडी साडेचार वर्षांची, इंजिन 1500 सीसीच्या आतले. सोयीसाठी आकडे करासहित धरले आहेत.

बंपर 8,000 : मंजूर 4,000
बॉनेट आणि फेंडर 12,000 : मंजूर 7,800
पुढची काच 6,000 : मंजूर 6,000
रंगकाम 10,000 : मंजूर 8,750
मजुरी 5,000 : मंजूर 5,000
एकूण बिल 41,000 : मंजूर 31,550
सक्तीची वजावट 1,000 : कंपनी देणार 30,550

म्हणजे ‘कॅशलेस’ असूनही 10,450 रुपये आपल्या खिशातून जातात. झीरो डेप्रिसिएशनचे कव्हर घेतलेले असेल तर घसारा वाचतो, सक्तीची वजावट मात्र राहतेच. हे कव्हर वर्षातून किती क्लेमना चालते, ऑइल-कूलंटसारख्या गोष्टी त्यात येतात का, हे पॉलिसीत पाहावे.

यावरून गॅरेजला विचारायचा पहिला प्रश्न ठरतो : “एकूण बिल किती हे नको, माझ्या वाट्याला किती येतील ते लिहून द्या.” जो सल्लागार हा हिशेब कागदावर मांडून देतो, त्याच्याकडे पुढचे बोलणे करावे. ‘सर, टेन्शन घेऊ नका, सगळे इन्शुरन्समध्ये बसवू’ म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. जुने डेंट नव्या अपघातात बसवणे म्हणजे खोटा क्लेम, आणि क्लेम फॉर्मवर सही आपली असते.

फुगवलेल्या एस्टिमेटचा आणखी एक तोटा आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. जुन्या पण उत्तम ठेवलेल्या गाडीच्या बाबतीत हे परवडत नाही.

गॅरेज प्रत्यक्ष पाहताना

दहा मिनिटे आत फिरून यावे. बंद पेंट बूथ आहे की उघड्यावर, रस्त्याच्या धुळीत रंग मारतात? वाकलेली चॅसी मापाने सरळ करण्याचा बेंच आहे की साखळी लावून अंदाजाने ओढतात? स्पॉट वेल्डिंगचे मशीन आहे का? तयार झालेली एखादी गाडी उन्हात पाहावी. शेजारच्या दोन दरवाजांच्या रंगात फरक दिसला, तर आपल्याही गाडीत दिसणार.

मग चार गोष्टी लेखी घ्याव्यात. भाग मूळ कंपनीचे की बाजारातले. कोणते भाग बदलणार आणि कोणते ठोकणार. गाडी देण्याची तारीख. आणि रंग व कामाची हमी किती महिन्यांची. राणीगंजच्या बाजारात एकाच भागाचे तीन दर मिळतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. बिलात मूळ भागाचा दर आणि गाडीवर बाजारातला भाग, असे होऊ नये यासाठी भागाचे खोके आणि त्यावरचा पार्ट नंबर पाहायला मागावा. काढलेले जुने भागही ठेवायला सांगावेत. सर्व्हेअर ते पुन्हा पाहू शकतो.

सर्व्हे आणि सर्व्हेअर

अपघात झाल्यावर आधी कंपनीला कळवावे, मग गाडी हलवावी. जागेवरचे फोटो काढावेत, त्यात नंबर प्लेट आणि रस्ता दोन्ही दिसावेत. कोणाला इजा झाली असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान असेल, तर पोलिसांत नोंद आवश्यक आहे. गळती असताना किंवा चाक घासत असताना गाडी तशीच चालवत हैदराबादला आणू नये. त्यामुळे वाढलेले नुकसान कंपनी देत नाही, तशी पॉलिसीत अटच आहे. साध्या पॉलिसीत गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी 1,500 रुपयांपर्यंतच मिळतात. जहीराबाद किंवा उमरग्याहून टोइंग करायचे तर ती रक्कम अपुरी पडते. वरचेवर गावी जाणाऱ्यांनी रोडसाइड असिस्टन्सचे कव्हर घ्यावे.

50,000 रुपये आणि त्यावरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमावा आणि अहवाल आल्यावर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, असे विमा नियामकाचे 2024 चे निर्देश आहेत. सर्व्हेच्या वेळी शक्यतो स्वतः हजर राहावे आणि मंजुरीआधी भाग उघडू देऊ नयेत. उघडल्यावर आतले नुकसान दिसले तर गॅरेजने पुन्हा कळवून पूरक मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी न घेता केलेले काम शेवटी आपल्या नावावर निघते.

सर्व्हेअरचा आकडा अंतिम नसतो. न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या एका दाव्यात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नव्हे. पक्की बिले असतील तर फरक मागता येतो.

सही करण्यापूर्वी

बँकेत आयुष्य काढल्यामुळे एक नियम अंगवळणी पडला आहे. कोऱ्या कागदावर सही नाही, आणि काम पाहिल्याशिवाय पोच नाही. गॅरेजमध्ये क्लेम फॉर्म, गॅरेजला थेट रक्कम देण्याचे संमतीपत्र आणि शेवटी समाधानपत्र, असे कागद येतात. अनेक ठिकाणी गाडी टाकतानाच तिन्हींवर सह्या घेतात. समाधानपत्रावर आधी सही दिली, तर नंतर तक्रारीला आधार राहत नाही. ज्येष्ठ सभासदांनी, विशेषतः ज्यांची मुले परगावी किंवा परदेशी आहेत त्यांनी, हे नीट ध्यानात ठेवावे. घाई केली जात असेल तर ‘मुलाला फोटो पाठवून मग सही करतो’ एवढे म्हणावे.

गाडी दिवसाउजेडी ताब्यात घ्यावी. दरवाजे, बॉनेट, डिकी यांच्या फटी सारख्या आहेत का, स्टिअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहावे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का तेही पाहावे. दिवा लागतच नसेल किंवा विझत नसेल, तर गाडी घेऊ नये. दोन-तीन किलोमीटर चालवून मगच सही करावी.

क्लेम करावाच का?

क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के अशी चढते. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी ती शून्यावर येते. समजा, सूट न धरता गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता 10,000 आहे आणि सूट 50 टक्क्यांवर आहे. क्लेमनंतर पाच वर्षांत मिळून 12,500 रुपये जास्त भरावे लागतात (हप्ता स्थिर धरला तर). म्हणून पाच-सात हजारांचे ओरखडे ओळखीच्या गॅरेजमध्ये स्वखर्चाने काढणे अनेकदा स्वस्त पडते.

पावसाचे पाणी

ऑक्टोबर 2020 च्या पावसात आपल्या शहरात कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा गाडीला स्टार्टर मारू नये. पाणी आत गेलेले इंजिन सुरू करताना बिघडले, तर साध्या पॉलिसीत तो खर्च बहुधा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट कव्हर लागते. गाडी फ्लॅटबेडवरून न्यावी. वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्सचे काम जाणणारे अधिकृत सेंटरच अशा वेळी निवडावे.

तक्रार कुठे करावी

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. सोबत विमा नियामकाचे ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा 155255 हा क्रमांक आहे. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. त्यांचे कार्यालय आपल्याच शहरात, लकडी का पूलजवळ ए. सी. गार्ड्स भागात आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा.

या आठवड्यात एवढे करून ठेवावे : पॉलिसी काढून कोणती कव्हर्स आहेत ते पाहावे, घराजवळची दोन गॅरेजेस पाहून यावीत, आणि कंपनीचा क्लेम क्रमांक, पॉलिसी क्रमांक व त्या गॅरेजचा फोन एका कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवावा. घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला तो कागद दाखवावा.