नासाफ्येलची चांदी आणि ‘हरित’ खाण

स्वीडन-नॉर्वे सीमेवरच्या नासाफ्येल डोंगरात १६३४ मध्ये चांदी सापडली. तीस वर्षांच्या युद्धात गुंतलेल्या स्वीडिश राजसत्तेला पैसा हवाच होता; दुसऱ्याच वर्षी खाण सुरू झाली. खनिज भट्टीपर्यंत वाहण्याची सक्ती झाली ती तिथल्या सामी लोकांवर. रेनडिअर त्यांचे आणि श्रमही त्यांचेच. नकार देणाऱ्यांना शिक्षा होई. अनेक कुटुंबे सीमेपलीकडे निघून गेली. १६५९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या सैन्याने खाण जाळली. चांदी तशी फारशी निघालीही नव्हती.

आता प्रयोजन बदलले आहे. जानेवारी २०२३ मध्ये किरुना येथील सरकारी खाण कंपनीने पेर येइयेर साठ्यात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची दहा लाख टनांहून अधिक ऑक्साइडे असल्याचे जाहीर केले. विजेवरच्या मोटारींना, पवनचक्क्यांना ती लागतात, म्हणून ही खाण ‘हरित’. गाबना या सामी पशुपालक समुदायाचे म्हणणे असे, की जुन्या खाणीने अरुंद केलेली कळपांची वाट नव्या खाणीने तुटेलच. कंपनी कार्बन मोजते. पशुपालक पाहतो, कळप हिवाळी चराईपर्यंत पोहोचतो का. शाश्वत विकास दोघांनाही हवा आहे, हीच तर अडचण! शिवाय तापमानवाढ त्याला कुणी शिकवायला नको. भर हिवाळ्यात पाऊस पडून गोठतो आणि बर्फाखालचे शैवाक (आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद) रेनडिअरला उकरता येत नाही.

आदिवासींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार नॉर्वेने १९९० मध्ये स्वीकारला. स्वीडनने तो अद्याप स्वीकारलेला नाही.