आधार कार्ड कुठे सक्तीचं, कुठे नाही? चाकण-पिंपरीतले कामगार आणि गावकऱ्यांनी हे वाचाच

चाकण, महाळुंगे, तळवडे, भोसरी. कंपनीत कामाला लागायचं असो की खोली भाड्याने घ्यायची, पहिला प्रश्न ठरलेला: "आधार आहे का?" पण आधार नेमकं कुणी आणि कशासाठी मागायचं, यावर देशात अजूनही वाद चालू आहे.

सुरुवात कशी झाली?
देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हा त्यासाठी वेगळा कायदा नव्हता. तो २०१६ मध्ये आला. सरकारी अनुदान आणि लाभ योग्य माणसापर्यंत पोहोचवणं, हा त्याचा मुख्य हेतू. मात्र कलम ५७ मुळे खासगी कंपन्यांनाही आधार वापरायची वाट मोकळी झाली.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणालं?
२६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध १ अशा बहुमताने आधार कायदा वैध ठरवला, पण खासगी कंपन्यांची वाट बंद केली. विरोधातलं एक मत होतं न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. त्यांचं मूळ गाव आपल्या खेड तालुक्यातलं कनेरसर. हा कायदा 'धन विधेयक' म्हणून मंजूर करणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असं त्यांनी नोंदवलं.

कुठे लागतंच?
- रेशन, गॅस अनुदान यांसारखे सरकारी तिजोरीतून मिळणारे लाभ (कलम ७). आधार क्रमांक मिळेपर्यंत ओळखीचा दुसरा मार्ग द्यावाच लागतो.
- पॅन कार्ड आणि आयकर विवरणपत्र.
- कामगारांचा पीएफ. सामाजिक सुरक्षा संहितेचं कलम १४२ मे २०२१ पासून लागू आहे.

मशीनवर काम करून बोटांच्या रेषा झिजतात, अंगठा जुळत नाही. तेवढ्यावरून रेशन नाकारू नये, असे केंद्राचे २०१७ चे आदेश आहेत.

कुठे सक्ती नाही?
- शाळेचा प्रवेश. आधार नाही म्हणून मुलांचा कुठलाही लाभ अडवता येत नाही.
- सिमकार्ड आणि साधं बँक खातं. २०१९ च्या दुरुस्तीनुसार इथे आधार ऐच्छिक आहे, दुसरं मान्य ओळखपत्र चालतं.

घरमालक किंवा ठेकेदार ओळखीचा पुरावा मागू शकतो. पण आधारची ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याने तुमची संमती घ्यायची, कारण सांगायचं, दुसरा पर्यायही सांगायचा आणि आधार क्रमांक साठवून ठेवायचा नाही, असं कलम ८अ सांगतं.

आधार कशाचा पुरावा नाही?
आधार म्हणजे नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, हे कलम ९ मध्येच लिहिलंय. जन्मतारखेसाठीही त्यावर विसंबू नका. जानेवारी २०२४ मध्ये पीएफ कार्यालयाने जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळलं. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला सांभाळून ठेवा. पीएफ आणि पेन्शनच्या वेळी तेच कामाला येतात.

वाद अजून का मिटला नाही?
३१ जानेवारी २०२५ रोजी केंद्राने नियम बदलले. आता सरकारची मंजुरी आणि तुमची संमती असेल, तर खासगी संस्थाही आधार पडताळणी करू शकतात. न्यायालयाने बंद केलेली वाट मागच्या दाराने उघडली, असं टीकाकार म्हणतात. यामुळे लोकांची कामं सोपी होतील, असं सरकारचं म्हणणं. खरा प्रश्न संमतीचा आहे. गेटवर नोकरीसाठी उभा असलेला पोरगा 'नाही' कसा म्हणणार?

एवढं नक्की करा
- मूळ कार्ड कुणाकडे ठेवू नका.
- शक्य तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या.
- झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहून सही करा.
- बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडा.
- तक्रार असल्यास १९४७ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.