मनाचे मोजमाप : कागदापासून मोबाइलपर्यंत

स्किझोफ्रेनिया म्हटले की भास आणि भ्रम एवढेच आपल्याला आठवते. परंतु रुग्णाचे शिक्षण, नोकरी आणि संसार अडतो तो बहुधा अवधान, स्मरण व कामाची आखणी मंदावल्यामुळे. एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विकारास ‘अकाली बुद्धिभ्रंश’ म्हटले, ते याच लक्षणावरून. आजचे नाव १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी दिले. १९५२ पासून आलेल्या औषधांनी भास ओसरू लागले. बुद्धीची मंदावलेली चाल मात्र फारशी सुधारली नाही. ती मोजण्याची गरज त्यामुळेच उरली.

मोजमापाचे एक साधन १९४४ च्या अमेरिकी लष्करी चाचणीसंचातून आले. कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने रेघेने जोडायचे. दुसऱ्या भागात आकडा व अक्षर आळीपाळीने घ्यायचे. लागलेला वेळ हेच माप. मात्र ही परीक्षा दवाखान्यात, तज्ज्ञासमोर, एखाद्याच दिवशी होई.

बोस्टन येथील जॉन टोरस यांच्या गटाने तीच कल्पना ‘माइंडलॅम्प’ या अ‍ॅपद्वारे मोबाइलवर आणली. पडद्यावरील आकडे लिहिलेल्या रत्नांना क्रमाने बोट लावायचे. घरबसल्या ही चाचणी वारंवार होत असल्याने दिवसागणिक चढउतार कळतो. या अ‍ॅपवरील संशोधन बोस्टनबरोबर बंगळूरच्या ‘निम्हान्स’मध्ये आणि भोपाळमध्येही झाले. भोपाळच्या कामात १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेली ‘संगथ’ संस्था सहभागी होती.

येथे एक जुना धडा स्मरणीय आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला. परक्या मुलांवर ठरलेले माप आपल्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाही, हे त्या खटाटोपामागचे सूत्र होते. मोबाइललाही तेच लागू पडते. बोट उशिरा पडले, त्याचे कारण आजार, औषधाने आलेला हाताचा ताठरपणा, की पडद्याची नसलेली सवय?

आपल्या इचोड्यात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही येथील जुन्या घरांत मराठी टिकली; शाळा तेलुगूची, बाजार हिंदी-उर्दूचा, आसपासच्या गुड्यांत गोंडी. अशा माणसाला सूचना कोणत्या भाषेत द्याव्यात, हे ठरवल्याविना त्याचे गुण मोजणे म्हणजे मणाच्या मापाने तोळा तोलणे होय.

शासकीय कागदावर एकदा पडलेला शेरा पुसणे किती कठीण असते, हे प्रस्तुत लेखकाने सेवेत असताना पुष्कळदा पाहिले आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मोबाइलवरील आकड्यांनाही तो लाभला पाहिजे. मुंबई वा हैदराबादची वाट न धरता उपचारांची दिशा कळावी, ही सोय थोर आहे. पण आकडा वैद्यांच्या हाती पडण्यापूर्वी रुग्णाची बोली त्यांच्या कानी पडावी, हे अगत्याचे.